खूणगोटा

इथं समुद्र नाही, तरी पाण्याला वेळ आहे.
तेरवाडच्या बंधाऱ्यावर बाळगोंडा बरगे घालतो, काढतो,
आणि खाली दोन मैलांवर
आंब्यांचं बेट वर येतं, नाहीतर बुडतं.

मी आचऱ्याची. खाडीच्या तोंडावर वाढले.
ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जायचो.
आई म्हणायची, जाताना दिसणारं पाणी बघू नको,
येताना लागणारं बघ.
शिरोळ तालुक्यात बदली झाली तेव्हा वाटलं,
हे शहाणपण आता ट्रंकेत.

मार्चच्या रजिस्टरात एक ओळ होती:
आंबी, सत्तू. बाळ: मुलगी, दीड महिना. पत्ता: बेट.
पुढचे रकाने कोरे.

बाळगोंडा म्हणाला, "उद्या नऊला या, मॅडम.
चप्पल नको, बूट तर नकोच.
जुने सॉक्स घाला. शेवाळावर सॉक्सच धरतोय."
काठीला त्यानं लाल पट्ट्या गुंडाळल्या होत्या,
एक गुडघ्याला, एक मांडीला.
"वरची भिजली की माघारी.
बेट चार पावलांवर असलं तरी माघारी."
लसीच्या पेटीचा पट्टा एकाच खांद्यावर ठेवायला लावला.
"घसरला तर सुटला पाहिजे. लस सरकार परत देतंय."

"इथं कुणी गेलंय का?" मी विचारलं.
"मोजायला मी काय तलाठी हाय?"
मग अर्ध्या नदीत, मागं न बघता,
"माझा मेव्हणा."

पाणी गार, आणि वासाचं.
पायाखाली गोटे हलत होते,
झोपेत कूस बदलावी तसे.
तिरकं चालायचं, धारेला खांदा देऊन,
एक पाय रोवला की मगच दुसरा सोडायचा.
काठावर चुन्यानं पांढरा केलेला एक गोटा होता,
त्याच्या पोटाला ओल नव्हती.

बेटावर वाळूत कलिंगडाचे वेल,
ताडपत्रीचं खोपट, सायकलच्या ट्यूबनं बांधलेला पाळणा.
बाळ रडलं, सत्तूच्या बायकोनं तोंड फिरवलं,
मी कापूस दाबून धरला.
"नाव काय?"
"बारसं व्हायचंय. पावणं पाणी उतरल्यावर येतील म्हणत्यात."
तिनं कलिंगड फोडलं, आतून अजून पांढरंच.
तरी खाल्लं.

केंदाळ मला आधी दिसलं.
सकाळी एकेक पान सुटं जात होतं,
आता चटयाच्या चटया, मुळांसकट,
आणि बाजूला फेस.
खूणगोटा अर्धा ओला.
"कुणी बरगं उपसलं?" बाळगोंडा पुटपुटला.
"माझी दुपारची पाळी हाय. चला, अजून गुडघाभरच आसंल."
काठी घेऊन तो उतरलाही.

ज्यानं मला चार पावलांचा नियम शिकवला
तो माणूस पाचवं पाऊल टाकत होता.
मी त्याची काठी धरली. सोडली नाही.
"बाळगोंडा, पाणी उतरताना दिसेल तेव्हा जाऊ.
चढत्या पाण्याशी बोलायचं नसतं."
तो माझ्याकडं बघत राहिला,
कोकणातली नर्स, सॉक्समधून पाणी गळतंय.
मग वाळूत बसला.

पाच तास.
सत्तूनं जाळं शिवलं. बाळ दोनदा झोपलं, एकदा ताप आला,
मी अर्धी गोळी नाही, थेंब मोजून दिले.
बाळगोंडा मेव्हण्याचं नाव एकदाच बोलला, धनपाल,
आणि तो पोहायला पटाईत होता, असं.

साडेचारला गोट्याचं पोट पुन्हा कोरडं.
तरी आम्ही आणखी अर्धा तास थांबलो.
काठीची वरची पट्टी कोरडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरात
"उशिराचे कारण" या रकान्यात मी लिहिलं: ओहोटीची वाट.
साहेबांनी शब्दाभोवती लाल पेनानं गोल काढला,
कोल्हापूर जिल्ह्यात?
गोल अजून तसाच आहे.
बाळाच्या नावाचा रकानाही.